पहिलं सॉफ्टवेअरचं काम घेताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याला बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतोयस ना? मग कोडला हात लावायच्या आधी दोन पानी करार कर. काय करणार यापेक्षा काय करणार नाही हे त्यात नीट लिही: वजनकाटा जोडणं, जुन्या वह्या भरणं, मोबाईल अ‍ॅप. घोडं इथंच अडतं. "एवढं तेवढं करून दे की" यात महिना जातो.

पैसे ४०-३०-३०: आगाऊ, चाचणीला, चालू झाल्यावर. शेवटचा हप्ता मोठा ठेवलास की तो लटकलाच.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती आधी उरक. मग सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे करारात मुदत कितीही लिहिली तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५. अर्थात अडत्याशी कायदा बोलायची वेळ न आलेली बरी.

सोर्स कोडचा हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच हस्तांतरित होईल, हे वाक्य विसरू नकोस. डोमेन आणि सर्व्हर मात्र त्याच्याच नावावर घे, नाहीतर दरवर्षीचं नूतनीकरण तुझ्या खिशातून. आणि सौदे जोरात असताना नवी यंत्रणा चालू करू नकोस.