पहिले तीन महिने बॉक्सिंगचे

सोळाव्या वर्षी सुरुवात करतोयस म्हणजे अजिबात उशीर झालेला नाही. फक्त घाई करू नकोस.

पहिली खरेदी ग्लोव्हजची नको, हँडरॅपची, म्हणजे ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्टीची कर. साडेचार मीटरची जोडी घे आणि मनगट, बोटांची पेरं नीट गुंडाळायला कोचकडून शिकून घे. बॅगवर पहिल्याच दिवशी जीव खाऊन ठोसे मारणारी मुलं आठवड्याभरात मनगट धरून बसतात. हे मी दरवर्षी बघतो. मूठ वळताना अंगठा बाहेर, बोटांवर. आत कधीच नाही.

मग उभं राहणं. उजवा असशील तर डावा पाय पुढे, हनुवटी खाली, दोन्ही हात गालाशी. कंटाळवाणं वाटेल, पण महिनाभर हेच आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), एवढंच कर. सगळ्यांची ठरलेली चूक एकच: जॅब मारल्यावर हात खाली पडतो. तो गेला त्याच वाटेने सरळ गालाशी परत आला पाहिजे. आरशासमोर, सावकाश. ठोशासोबत श्वास सोड.

रोज दोरीउड्या: तीन मिनिटं उड्या, एक मिनिट विश्रांती, असे तीन राउंड.

स्पारिंग, म्हणजे जोडीदारासोबत सरावाची लढत, कधी, ते कोच ठरवेल. माउथगार्ड आणि हेडगार्डशिवाय रिंगमध्ये पाऊल टाकायचं नाही, मित्र कितीही चिडवोत. डोक्याला मार बसून गरगरलं, तर लगेच थांब आणि घरी सांग.

आणि वजन उतरवायला उपाशी राहू नकोस रे. तुझं वाढीचं वय आहे. भाकरी, डाळ, अंडी पोटभर खा.