वाचकांचे प्रश्न : मुखपृष्ठ रोज टाकले, तरी वाचक का येत नाहीत?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत लेखकांची पत्रे बरीच होती, आणि त्यांतील बहुतेकांची विवंचना एकच होती : पुस्तक लिहून झाले, आता आंतरजालावर आपला वाचक कसा जोडावा? त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. काही पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावरील माझी पहिली कादंबरी या वर्षी प्रसिद्ध झाली. प्रकाशकांनी मला समाजमाध्यमांवर सक्रिय राहून ‘कंटेंट मार्केटिंग’ करण्यास सांगितले. त्यानुसार दोन महिने मी पुस्तकाचे मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभाची छायाचित्रे आणि मान्यवरांचे अभिप्राय नित्यनेमाने टाकत आहे. अभिनंदनाचे शेकडो संदेश आले. पुस्तक मात्र मोजक्याच लोकांनी मागवले. माझे कुठे चुकते आहे? (एक शिक्षिका, बीड जिल्हा)

उत्तर : आपण करीत आहात ती जाहिरात आहे. ती करण्यात गैर काही नाही, परंतु तिला कंटेंट मार्केटिंग म्हणत नाहीत. (या संज्ञेसाठी ‘आशय-विपणन’ असा प्रतिशब्द काही जण वापरतात. तो ऐकला की मला बाजार समितीतला गाळा आठवतो, म्हणून येथे रूढ झालेला इंग्रजी शब्दच ठेवतो.)

ही कल्पना आंतरजालाच्या कितीतरी आधीची आहे. मिशेलिन या टायर बनविणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९०० साली वाहनधारकांसाठी एक मार्गदर्शिका छापून ती फुकट वाटली. त्या वेळी संपूर्ण फ्रान्समध्ये ३,००० देखील मोटारी नव्हत्या. मार्गदर्शिकेत टायर कसा बदलावा, पेट्रोल कोठे मिळेल, मुक्काम कोठे करावा अशी माहिती आणि नकाशे होते. आमचेच टायर घ्या असा धोशा लावण्याऐवजी लोकांना प्रवासाला बाहेर पडणे सोपे करून द्यावे, मग टायर आपोआप झिजतील, असा तो सरळ हिशेब होता. वाचकाने आपली वस्तू विकत घेतली नाही तरी ज्याचा त्याला उपयोग होईल असे काही आधी त्याच्या हाती ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म आहे.

आता आपल्या कादंबरीकडे येऊ. आपल्या मुखपृष्ठात अनोळखी माणसाला रस असण्याचे काहीच कारण नाही; अभिनंदन करणारे आपले सहकारी, नातेवाईक आणि माजी विद्यार्थी आहेत, आणि अभिनंदन केले की त्यांचे कर्तव्य संपते. परंतु ही कादंबरी लिहिताना आपण जे पाहिले, ऐकले आणि नोंदवून ठेवले, त्याला या परिचयाच्या वर्तुळाबाहेर फार मोठा वाचक आहे. ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नसून हंगामात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, हे पुण्या-मुंबईच्या किती वाचकांना ठाऊक असेल? मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटली नाही तर पुढच्या हंगामात काय होते, टायरगाडीवर संसार कसा रचला जातो, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेल्या पैशांत कोणता खर्च भागतो, साखरशाळेत (कारखान्याजवळच्या, मजुरांच्या मुलांच्या शाळेत) आणि गावातल्या हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या दिवसांत काय फरक असतो, चौथीतला मुलगा दिवाळीनंतर वर्गातून नाहीसा होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो तेव्हा तो नेमके काय विसरलेला असतो, या प्रत्येकावर आठशे ते हजार शब्दांचा एक स्वतंत्र लेख होऊ शकतो, आणि तो आपल्याइतक्या अधिकाराने लिहू शकणारे लोक थोडे आहेत. प्रत्येक लेखाच्या शेवटी, या अनुभवांतून ही कादंबरी उभी राहिली, एवढे एकच वाक्य आणि पुस्तक मिळण्याचे ठिकाण पुरेसे आहे.

लेखांची वेळही ठरवून घ्यावी. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, मजुरांचे तांडे निघतात आणि त्याच दिवसांत वृत्तपत्रे, वाहिन्या, संशोधक विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था असे सगळे या विषयावर काहीतरी शोधू लागतात. आपले पाच-सहा लेख त्याआधीच, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, जागेवर असले पाहिजेत. आयत्या वेळी लिहिलेला लेख शोधणाऱ्याच्या नजरेस पडेपर्यंत हंगाम अर्धा सरलेला असतो.

कादंबरीचे पहिले एक-दोन भागही मोफत वाचायला ठेवावेत. फुकट वाचले तर विकत कोण घेईल, ही भीती आपल्याकडे फार आहे. परंतु हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या, तेव्हा पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक त्या प्रकरणांनीच घडवला. अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील अँडी वीअर यांचे आहे. त्यांनी आपली मंगळावरची कादंबरी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने मोफत ठेवली. वाचकांच्या आग्रहावरून ती अल्प किमतीत ई-पुस्तक झाली, आणि २०१४ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती छापली. दोघांच्याही वाट्याला आलेले यश प्रत्येकाला मिळेल असे नाही, पण मोफत प्रकरणांमुळे त्यांचे नुकसान झाले नाही एवढे नक्की.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. खऱ्या मुलांची नावे, छायाचित्रे किंवा ती ओळखू येतील असे तपशील या लेखांत येऊ देऊ नयेत. कादंबरीने त्यांना जो आडोसा दिला आहे, तो प्रसिद्धीच्या भरात निघून जाता कामा नये.

प्रश्न : फेसबुकवर माझी ५,००० मित्रांची मर्यादा केव्हाच पूर्ण झाली आहे. प्रवासवर्णनांना प्रतिसादही चांगला मिळतो. मग स्वतःचे संकेतस्थळ काढण्याचा खटाटोप आणि खर्च कशासाठी करावा? (एक प्रवासलेखक, कोल्हापूर)

उत्तर : कारण फेसबुक हे भाड्याचे घर आहे आणि भाडेपत्रावर मुदत लिहिलेली नाही. ऑर्कुट या समाजमाध्यमावर मराठी कवितांचे समूह किती भरभरून चालत होते, हे आपल्या पिढीला आठवत असेल. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली, तेव्हा कित्येकांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. कू हे देशी माध्यम २०२४ मध्ये गुंडाळले गेले. माध्यम चालू राहिले तरीही आपला मजकूर आपल्या ५,००० मित्रांपैकी कितींना दाखवायचा हे आपण ठरवत नाही, ते कंपनी ठरवते, आणि तिचे निकष ती सांगून बदलत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, समाजमाध्यमाला आठवडी बाजार समजावे. तेथे पाल जरूर टाकावे, कारण गर्दी तेथेच असते. पण धान्याचे कणगे घरी असावे. स्वतःच्या नावाचा डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) घ्यावा, साधे संकेतस्थळ करावे, लेख प्रथम तेथे प्रसिद्ध करावा आणि मग त्यातील एखादा वेचक परिच्छेद फेसबुकवर द्यावा. डोमेनचे वार्षिक शुल्क एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या किमतीच्या आसपास असते. त्याचे नूतनीकरण मात्र विसरू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाचकांची यादी. ज्या वाचकाने स्वखुशीने आपला ई-मेल पत्ता दिला, त्याच्यापर्यंत आपण कोणाच्याही मध्यस्थीविना पोहोचू शकता. ई-मेल कोण वाचतो, असे पुष्कळ मराठी लेखक म्हणतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबतात. व्हॉट्सअ‍ॅप वापरावे, परंतु त्याच्या मर्यादा जाणून वापरावे : प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये) २५६ जणच मावतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश जातो. शिवाय परवानगी न घेता शंभर लोकांना एखाद्या समूहात ओढून आणणे हा असभ्यपणा आहे, मग तो साहित्यसेवेच्या नावाखाली केलेला का असेना.

प्रश्न : सह्याद्रीतील किल्ले आणि घाटवाटा यांवर मी २० वर्षे लिहीत आहे. सर्व लेख संकेतस्थळावर ठेवले आहेत, पण गुगलवर शोधले तर एकही सापडत नाही. (एक गिर्यारोहक, ठाणे)

उत्तर : आपण पाठवलेला दुवा उघडून पाहिला. जुने लेख श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या फाँटप्रणालीत टंकलिखित केलेले आहेत आणि नवे लेख चित्राच्या स्वरूपात, म्हणजे सुंदर पार्श्वभूमीवर अक्षरे छापून ठेवलेले आहेत. वाचणाऱ्या माणसाला दोन्हींत मराठी दिसते. शोधयंत्राला मात्र पहिल्यात रोमन अक्षरांचे निरर्थक कडबोळे दिसते आणि दुसऱ्यात केवळ एक चित्र. युनिकोडपूर्व फाँटमध्ये देवनागरीचे केवळ आकार असतात, अक्षरांची ओळख नसते, हे त्याचे कारण आहे. सर्व मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संगणकीय ओळख देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणणे याला पर्याय नाही. त्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत, पण परिवर्तनानंतर प्रत्येक लेख डोळ्यांखालून घालावा लागेल : रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्या’ मोडतो आणि जोडाक्षरे सुटी होतात. २० वर्षांचे काम एका महिन्यात होणार नाही, तेव्हा सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या दहा वाटांपासून आरंभ करावा.

मथळ्यांचाही विचार करावा. ‘धुक्यातले दिवस’ हा मथळा मासिकात शोभतो, कारण तेथे वाचक पान उलटता उलटता त्याच्यापाशी येतो. शोधणारा माणूस मात्र ‘हरिश्चंद्रगड नळीची वाट’ असे लिहितो, आणि पुष्कळदा तेही रोमन लिपीत. म्हणून मथळ्यात किंवा निदान उपमथळ्यात गडाचे आणि वाटेचे नाव असू द्यावे, आणि आपले स्वतःचे नाव देवनागरीत व रोमनमध्ये प्रत्येक ठिकाणी एकाच पद्धतीने लिहावे. पाणी कोठे मिळते, कोणत्या महिन्यात वाट धोक्याची असते, पायथ्याच्या गावापर्यंत एसटी जाते काय, अशी माहिती लेखात असेल तर लोक तो जपून ठेवतात आणि एकमेकांना पाठवतात. हे लिहिल्याने लेखाचे लालित्य उणावते, असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझी एक कविता गेले वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर माझे नाव वगळून फिरत आहे. आता ती एका दिवंगत ज्येष्ठ कवीच्या नावावर मला परत आली. अशाने आंतरजालावर काही ठेवावेसेच वाटत नाही. प्रकाशकही म्हणतात की, आधी प्रसिद्ध केलेले आम्ही छापत नाही. काय करावे? (एक कवयित्री, नाशिक)

उत्तर : आपला उद्वेग रास्त आहे. पु. ल. देशपांडे यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेला मजकूर सर्रास फिरतो, तेथे आपण एकट्या नाही एवढाच दिलासा. कायदा आपल्या बाजूने आहे : १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कृती निर्माण होताच तिचा प्रताधिकार कवीला मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि कलम ५७ अन्वये कृतीचे कर्तेपण सांगण्याचा हक्क प्रताधिकार विकल्यानंतरही कवीकडेच राहतो. परंतु हजारो फोनांतून फिरणाऱ्या संदेशाविरुद्ध दाद मागायची कोणाकडे, हा व्यवहारातला प्रश्न कायद्याने सुटत नाही.

त्यामुळे कविता प्रथम आपल्या संकेतस्थळावर दिनांकासह ठेवावी, म्हणजे कर्तेपणाचा पुरावा राहील, आणि ती वाचनाच्या ध्वनिचित्रफितीसह द्यावी. आपल्या आवाजातली कविता दुसऱ्याच्या नावावर खपवणे कठीण असते. संतकवींनी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी नाममुद्रा शेवटच्या चरणातच गुंफून ठेवली होती, ती युक्ती आजही वाईट नाही. (अर्थात तुकोबांच्या नावावर प्रक्षिप्त अभंग चढलेच, पण निदान त्यांचे नाव तरी कोणी पुसू शकले नाही.)

प्रकाशकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दिवाळी अंकांचे बहुतेक संपादक अप्रकाशित साहित्यच मागतात आणि फेसबुकवर टाकलेली कविता त्यांतील अनेकांच्या लेखी प्रकाशित ठरते. म्हणून संग्रहासाठी आणि अंकांसाठी राखलेल्या कविता बाहेर काढू नयेत. आधी छापून आलेल्या कविता, त्यांच्या जन्मकथा, खर्डे आणि काव्यछंदांविषयीचे लेखन आंतरजालावर द्यावे. प्रकाशकाशी करार करताना कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते देत आहोत हे लिहून घ्यावे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, ही गोष्ट पुष्कळ लेखकांना माहीत नसते.

प्रश्न : बँकेतील नोकरी सांभाळून मी विज्ञानकथा लिहितो. सहा महिने दर आठवड्याला वाचकांना ई-पत्र पाठवत आहे. सदस्य फक्त ४० झाले, आणि नवी कथा लिहायला वेळच उरत नाही. (एक कथाकार, नागपूर)

उत्तर : आठवड्याचे ई-पत्र बंद करावे, महिन्यातून एक पुरे. ४० हा आकडा आपल्याला लहान वाटतो, परंतु एखाद्या गावच्या वाचनालयात कथावाचनाला ४० माणसे मुद्दाम आली असती तर आपण समाधानाने घरी परतला असता. त्यांतील कितीजण पत्राला उत्तर देतात ते पाहावे आणि त्यांना एकेक करून लिहावे : कथेतील कोणते विज्ञान पटले नाही, पुढे काय वाचायला आवडेल. त्यांच्या उत्तरांतून आपल्याला पुढच्या ई-पत्राचे विषय मिळतील, आणि क्वचित कथेचेही. दिवाळी अंकांसाठी लिहिण्याचे दिवस, म्हणजे साधारण मे ते जुलै, सर्व पत्रव्यवहार थांबवून कथेला द्यावेत. मात्र न कळवता गप्प बसू नये. एप्रिलच्या पत्रातच तसे सांगून टाकावे, आणि ऑगस्टमध्ये कोणत्या तारखेला परत येणार तेही लिहावे.