पक्ष्माभिका की कशाभिका?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात कुठे ‘पक्ष्माभिका’ येतं, कुठे ‘कशाभिका’. दोन्ही पेशीवरचे केसच ना? मग नावं दोन कशाला? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, फरक नावातच आहे. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, कशा म्हणजे चाबूक. पक्ष्माभिका आखूड आणि दाट. कशाभिका लांब, बहुधा एक-दोनच.

शिकवत होतो तेव्हा दर पावसाळ्यात मी वाळकं गवत पाण्यात भिजत घालायचो. आठवड्याने त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पॅरामेशियम हा एकपेशीय जीव सरसर पळताना दिसायचा. भातशेतावरून वारा जावा तशी त्याची कड थरथरायची. त्या पक्ष्माभिका! अजूनही ते दृश्य डोळ्यांसमोर आहे.

आपल्या श्वासनलिकेतही अशाच असतात, एकेका पेशीवर सुमारे 200. धूळ चिकटलेला कफ त्या घशाकडे ढकलत राहतात. विडी-सिगारेटच्या धुराने त्या लुळ्या पडतात आणि कफ साचतो. घरात कुणी ओढत असेल तर हे त्यांना जरूर सांगा.

कशाभिका माणसात एकाच ठिकाणी, शुक्रपेशीची शेपटी म्हणून. लांबी मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग.

मुलीला एक गंमत दाखवा : दोन्हींचा आडवा छेद बहुधा सारखाच दिसतो, कडेने नळ्यांच्या 9 जोड्या, मध्ये 2 सुट्या नळ्या. जिवाणूंची कशाभिका मात्र निव्वळ नामसाधर्म्याची. तिच्यात या नळ्या नसतात, आणि ती वळवळत नाही, मुळापासून गरगर फिरते.