मस्कीसाठी पहिला रॉड: किती लांब, किती पॉवरचा?

मिनेसोटात मस्कीसाठी (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) मासेमारीचा पहिला आणि एकच रॉड घ्यायचा असेल, तर ८ फूट ६ इंच किंवा ९ फुटी, हेवी पॉवरचा घ्या. दुकानदार ७ फुटी स्वस्तात देईल, पण मोह आवरा.

लांबीचं खरं कारण लांब फेकणं नाही, बोटीजवळचा शेवटचा क्षण आहे. मस्की पार बोटीपर्यंत आमिषामागे येतो आणि तिथेच थबकतो. तेव्हा दोरी हातभरच बाहेर ठेवून रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं आणि आठचा आकडा काढायचा. आपला देवनागरी ८ नव्हे, इंग्रजी. दोन्ही वळणं बंद हवीत. वळण जितकं मोठं, तितकं तीन-चार फुटी माशाला वळायला सोपं. आखूड रॉडने वळण आवळतं आणि मासा तोंड फिरवून खाली जातो. तेव्हा फार चुटपुट लागते.

पॉवर, म्हणजे रॉडचा ताठपणा, माशावर नाही, आमिषाच्या वजनावर ठरवा. मुठीच्या वर रॉडवर औंसात मर्यादा छापलेली असते. मोठ्या पात्यांचे बकटेल (फिरती पाती आणि केसांचा झुबका असलेलं आमिष) आणि ४-६ औंसांची बहुतेक आमिषं हेवीवर चालतात. पाउंडभराचं रबरी आमिष फेकायचं असेल तर एक्स्ट्रा हेवीच्याही वरचा रॉड लागेल; खांद्याची तयारी ठेवा. लहान आमिषांना मीडियम हेवी पुरे.

दोरी ८० पाउंडी ब्रेडेड (विणलेली), पुढे लीडर, म्हणजे दोरी आणि आमिषामधला न कापला जाणारा तुकडा, हवाच, नाहीतर माशाचे दात दोरी कापतात. गाडी छोटी असेल तर टेलिस्कोपिक मुठीचा, म्हणजे मुठीत सरकवून आखूड करता येणारा रॉड बघा.