वेर्ण्याला कामावर रुजू होण्याबाबत : धोका कुठे आहे आणि किती

ताई, तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुमचे वय चाळिशीच्या आत आहे, घर फोंड्याला, आणि गोव्यातल्याच वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात तुम्ही पॅकिंग विभागात कायम कामगार आहात. एप्रिल २०२१ च्या अखेरीस विभागात कोविडचे रुग्ण निघाले तेव्हापासून तुम्ही रजेवर आहात. भरपगारी रजा संपून आता बिनपगारी रजा चालू आहे. १२ जुलै २०२१ पासून रुजू व्हा, असे कंपनीने कळवले आहे. यजमानांची पर्यटक टॅक्सी उभीच आहे. घरी ६८ वर्षांच्या सासूबाई असून त्यांना मधुमेह आहे. त्यांचा कोविशिल्ड लशीचा पहिला डोस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाला, दुसरा राहिला आहे. तुमचा पहिला डोस जूनमधल्या 'टीका उत्सव' या लसीकरण मोहिमेत झाला. यावर तुमचा प्रश्न असा, की या परिस्थितीत कामावर जाणे सुरक्षित आहे का.

मी औषध कारखान्यांच्या सुरक्षा विभागात नोकरी केलेली असल्याने या प्रश्नाकडे त्याच सवयीने पाहतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सासूबाईंच्या औषधोपचाराबद्दल त्यांच्या डॉक्टरांचाच शब्द मानावा. कारखान्यात कोणत्याही धोक्याबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या जातात : अपघात होण्याची शक्यता किती, आणि झाला तर तो किती गंभीर असेल. सहसा दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात. तुमच्या बाबतीत तसे नाही. संसर्ग होण्याची शक्यता तुमच्या वाट्याला आहे आणि त्याचा गंभीर परिणाम बहुतांशी सासूबाईंच्या. तुमच्या वयाला हा आजार अगदीच निरुपद्रवी आहे असे नाही, मे महिन्यात आपण सर्वांनी ते पाहिलेच. पण चाळिशीच्या आतले निरोगी माणूस आणि ६८ वर्षांचे मधुमेही माणूस यांच्या धोक्यात किती तरी पटींचे अंतर आहे. तुमचा निर्णय या अंतरावर ठरायला हवा.

आधी शक्यतेकडे पाहू, आणि त्यासाठी तुमचा कामाचा दिवस तुकड्यातुकड्यांनी तपासू. पॅकिंगच्या लाइनवर आठ तास उभे राहावे लागते म्हणून तिथेच धोका जास्त, असे बहुतेकांना वाटते. औषध कारखान्यात बरेचदा उलट असते. गोळ्या उघड्या असतात त्या प्राथमिक पॅकिंगमध्ये गाळलेली हवा येते, ती तासातून अनेकदा बदलते, आणि मास्क काढण्याचा प्रश्नच येत नाही. खोकी भरण्याच्या म्हणजे दुय्यम पॅकिंगच्या हॉलमध्ये इतकी काटेकोर व्यवस्था नसते, तरी तिथेही मास्क तोंडावर असतो आणि माणसे लाइनवर अंतराने उभी असतात. खरी अडचण कारखान्याच्या बसमध्ये, शिफ्ट बदलताना चेंज रूममध्ये होणाऱ्या दाटीत आणि कँटीनच्या टेबलावर आहे. या तिन्ही ठिकाणी जागा लहान आणि हवा कोंडलेली असते, आणि कँटीनमध्ये तर मास्क काढून समोरासमोर बोलणे चालते. हा विषाणू हवेतून पसरतो, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. त्यामुळे बंद जागेत, मास्कविना, किती वेळ आणि किती माणसांबरोबर काढला, यावर जवळजवळ सगळा हिशेब अवलंबून आहे.

बसचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. समजा, आपल्या भागात दर शंभर माणसांत एकाला नकळत संसर्ग आहे. हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी धरतो. चाळीस जणांच्या भरलेल्या बसमध्ये अशी निदान एक व्यक्ती असण्याची शक्यता साधारण ३३ टक्के येते. वीस जणच बसवले तर ती १८ टक्क्यांवर उतरते. पण संसर्गाचे प्रमाण हजारात दोनवर आले, तर चाळीस जणांच्या बसमध्येही ती ८ टक्क्यांच्या आत राहते. म्हणजे बसमधली माणसे निम्मी करून जेवढा फायदा होतो, त्याहून मोठा फायदा साथ ओसरेपर्यंत थांबल्याने होतो. अर्थात बसमध्ये बाधित माणूस असला म्हणजे तुम्हाला संसर्ग झालाच, असे नव्हे. ते पुढे खिडक्या आणि मास्क यांवर ठरते. पावसाळ्याची खरी पंचाईत इथेच आहे. बोरीच्या पुलावर सर आडवी आली, की सगळी बस खिडक्या लावून घेते आणि पाऊण तास तीच हवा आत फिरत राहते. मागची आणि पुढची एकेक खिडकी चार बोटे उघडी ठेवायला चालकाला सांगावे, खांदा भिजला तरी चालेल. बसमध्ये कापडी मास्क पुरेसा नाही, एन-९५ वापरावा, आणि तो नाकाच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसतो की नाही हे पाहावे. यजमानांची टॅक्सी उभीच आहे, तर पेट्रोल परवडेल तेवढे दिवस त्यांनी तुम्हाला सोडावे आणि आणावे, हा उपाय मला सर्वांत चांगला वाटतो. एका घरातली दोन माणसे एका गाडीत बसल्याने नवा धोका वाढत नाही.

कँटीनसाठी मी एकच सांगेन : डबा घेऊन जा आणि पाऊस नसेल तेव्हा शेडखाली, व्हरांड्यात, कुठेही उघड्यावर बसून खा. मैत्रिणींना राग येईल, येऊ द्या.

कंपनीने पाठवलेल्या पत्रात उपायांची यादी आहे, तिचेही मूल्यमापन करायला हवे. फाटकावर कपाळाचे तापमान घेणे, बस रोज फवारून काढणे, जागोजागी सॅनिटायझर ठेवणे, अशी ती यादी आहे. यातले काही चुकीचे नाही. पण लक्षणे दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो आणि अनेकांना ताप येतच नाही, हे लक्षात घेतले तर फाटकावरची तपासणी किती तोकडी आहे ते कळते. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले आहे. म्हणून फवारणीला फार मोल देऊ नये. त्या पत्रात हवेबद्दल एक ओळही नाही, हे मला खटकले. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. २०२१ मध्ये लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १३ नुसार कामाच्या प्रत्येक खोलीत ताजी हवा खेळती ठेवणे ही व्यवस्थापनाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती कोविडच्या किती तरी आधीपासून आहे. तेव्हा लेखी विचारा : चेंज रूममध्ये एक्झॉस्ट पंखा चालू असतो का, दोन शिफ्टच्या वेळांमध्ये निदान पंधरा मिनिटांचे अंतर ठेवता येईल का, बसमध्ये किती माणसे बसवणार, आणि ज्याला ताप येईल त्याचा पगार न कापता त्याला घरी बसू देणार का. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पगार कापला जाणार असेल तर माणूस पॅरासिटामॉल घेऊन कामावर येतो, आणि मग फाटकावरचे यंत्र त्याला ३६ अंशच दाखवते.

आता परिणामाच्या बाजूकडे वळतो. इथे तुमच्या हाती एक गोष्ट आहे, जी बहुतेकांच्या हाती नसते, आणि ती म्हणजे थोडा वेळ. १३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे केले. सासूबाईंचे १२ आठवडे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भरतात. त्यानंतर पूर्ण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे धरावेत, म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा. २०२१ च्या मध्यात पसरलेल्या विषाणूच्या डेल्टा प्रकाराबद्दल इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने मे-जून २०२१ मध्ये जे आकडे दिले, त्यांनुसार कोविशिल्ड ज्या सूत्राची आहे त्या लशीच्या एका डोसाने लक्षणयुक्त आजारापासून केवळ ३३ टक्के संरक्षण मिळते, दोन डोसांनी ६० टक्के. आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ टळण्याचे प्रमाण एका डोसानंतर ७१ टक्के, तर दोन डोसांनंतर ९२ टक्के आहे. म्हणजे एका डोसावर शंभरातले २९ धोके शिल्लक राहतात आणि दोन डोसांवर ८. धोका साडेतीन पटींनी उतरतो, तोही तीन-चार आठवडे थांबून. मधुमेही वृद्धांत हे प्रमाण थोडे कमी-अधिक असू शकेल, पण दिशा बदलणार नाही. तेव्हा माझे स्पष्ट मत असे, की तुम्ही कामावर परत जावे, मात्र १२ जुलैला नको. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जावे.

थांबण्याचीही किंमत असते आणि ती सुरक्षेच्या चर्चेत बरेचदा मोजलीच जात नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. घरात दुसरी मिळकत नाही. आणखी महिनाभर बिनपगारी राहणे शक्य आहे का, हे तुम्हालाच ठाऊक. भविष्य निर्वाह निधीतून कोविडसाठी दुसऱ्यांदा परत न करायची आगाऊ रक्कम काढण्याची सोय ३१ मे २०२१ रोजी जाहीर झाली. तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतली जी रक्कम कमी असेल ती तेव्हा मिळत होती. म्हातारपणाचा पैसा आहे, म्हणून शक्यतो हात लावू नये असेच मी एरवी सांगतो, पण एक महिना काढण्यासाठी थोडी रक्कम काढणे मला गैर वाटत नाही. पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असाल. तिथे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के मिळतात, मात्र ते स्वतः आजारी असल्याच्या दाखल्यावर. संसर्गाच्या भीतीने घरी राहिल्यास ते मिळत नाहीत, आणि कोणी डॉक्टर तसा दाखला देऊ करीत असेल तर घेऊ नका.

याहून मोठा धोका नोकरीचा आहे. अनेक जण 'कळवले आहे' असे समजून नुसते घरी राहतात. २०२१ मध्ये लागू असलेल्या नमुना स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नियमांप्रमाणे, मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार परतला नाही, किंवा त्याने समाधानकारक कारण दिले नाही, तर त्याचा नोकरीवरचा हक्क जाऊ शकतो. तुमच्या कारखान्याचे प्रमाणित स्थायी आदेश वेगळे असतील तर ते पाहावेत. सूचना फलकाजवळ लावलेले असतात, नाही तर युनियनकडे प्रत असते. सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर कळवलेले पुरेसे मानू नका.

मुदत मिळाली नाही आणि १२ तारखेलाच जावे लागले, तर घरातली वाट तोडावी लागेल. सासूबाईंची झोपण्याची खोली वेगळी करा, तिची खिडकी उघडी राहील असे पाहा, आणि त्यांच्याशी बोलणे शक्यतो बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, बसून होऊ द्या. जेवण एकत्र नको. त्यांचे ताट आधी वाढावे. जवळ जाऊन इन्सुलिन द्यायचे किंवा साखर तपासायची असेल तर ते काम यजमानांनी करावे. हे सगळे त्यांचा दुसरा डोस होऊन दोन आठवडे उलटेपर्यंतच आहे, हे त्यांना आधीच सांगा. सुनेने आपल्याला वाळीत टाकले, अशी समजूत एकदा झाली की ती निघता निघत नाही. आणि एक कटू गोष्ट : १० सप्टेंबर २०२१ ला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आहे. कारखान्याला भिणारी घरे चवथीला दोन-तीन कुटुंबे एका छपराखाली गोळा करतात, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) बाजारात खेटून उभी राहतात आणि त्याला धोका म्हणत नाहीत. सासूबाईंच्या दृष्टीने तुमच्या लाइनवरच्या आठ तासांपेक्षा ते दोन दिवस जड जाऊ शकतात.

रुजू झाल्यावरही हा निर्णय कायमचा समजू नये. एप्रिल २०२० मध्ये गोव्यातले सगळे रुग्ण बरे होऊन आपण हिरव्या क्षेत्रात गेलो होतो आणि जूनच्या सुरुवातीला वास्कोचे मांगोर हिल प्रतिबंधित करावे लागले. मे २०२१ च्या आरंभी तर तपासलेल्या दर दोन नमुन्यांपैकी जवळपास एक बाधित निघत होता. निर्णय मागे घेण्याची वेळ कोणती, ते आजच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी डोके शांत नसते. मी दोन खुणा सुचवतो. तपासणीत बाधितांचे प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांच्या वर राहिले तर बस सोडून द्यावी. आणि बांबोळीच्या व मडगावच्या रुग्णालयांत खाटा मिळेनाशा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या तर पुन्हा रजेचा अर्ज करावा. दुसरी खूण अधिक महत्त्वाची, कारण आजाराचे गांभीर्य विषाणूइतकेच खाट आणि ऑक्सिजन वेळेवर मिळण्यावर अवलंबून असते. मे २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या प्रश्नात उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला लक्ष घालावे लागले होते. घरात ऑक्सिमीटर ठेवा आणि कुणालाही लक्षणे दिसली तर दिवसातून तीन-चार वेळा मोजा. ९४ च्या खाली गेल्यास वाट पाहू नका.

अर्ज साधा असावा. त्यात भीती, अफवा, वर्तमानपत्रातली कात्रणे काही नको. सासूबाईंचे वय, मधुमेहाचा डॉक्टरी दाखला, लसीकरणाचे प्रमाणपत्र, दुसऱ्या डोसाची संभाव्य तारीख, आणि ९ ऑगस्टपासून रुजू होण्याची तुमची तयारी, एवढेच लिहा. तोपर्यंत बिनपगारी रजा मंजूर करावी, ते शक्य नसल्यास निदान बसऐवजी स्वतःच्या वाहनाने येण्याची आणि शिफ्टच्या वेळेत पंधरा मिनिटांची सवलत द्यावी, असा दुसरा पर्यायही त्यातच नोंदवा. एकच मागणी असली की नाही म्हणणे सोपे जाते. अर्ज १२ तारखेच्या निदान तीन दिवस आधी मनुष्यबळ विभागात देऊन प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. हवेबद्दलचे प्रश्न वेगळ्या पत्रात विचारा, शक्य असल्यास युनियनतर्फे. त्याचे उत्तर आलेच नाही, तर पणजीतल्या आल्तिनोवर कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाचे कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते. रजेच्या अर्जात मात्र त्याचा उल्लेख करू नका.