वेब परिषदेला पहिला पेपर, म्हणजे शोधनिबंध, पाठवतोयस ना, मग हे ऐक

अरे, आधी डेडलाइनचं डोक्यात घाल. वेबवरचं संशोधन मांडायच्या या परिषदांच्या सूचनेत 'एओई' (एनीव्हेअर ऑन अर्थ) लिहिलेलं असतं. म्हणजे पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथं मध्यरात्र होते तिथली वेळ. आपल्या बेळगावात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच वाजतात. पण म्हणून ताणू नकोस. खानापुरात पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येतंय होय?

दुसरं, नावं लपवायची, पेपर तपासणाऱ्यांना तो कुणाचा ते कळता कामा नये. पहिल्या पानावरचं नाव सगळेच काढतात. मी मात्र एका स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात, लॉगिनपाशी, माझं आडनाव तसंच सोडलं होतं. पेपर न वाचताच परत! पीडीएफच्या प्रॉपर्टीज, गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) लिंक, "आमच्या आधीच्या कामात" असली वाक्यं, सगळं तपास.

विषय? आपल्या पोरांचे मेसेज बघ की. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, लिपी रोमन. मात्र "आमच्याकडं असं बोलतात" एवढ्यावर भागत नाही. असले मेसेज कॉम्प्युटरला समजून घ्यायला लावायची सध्याची पद्धत नेमकी कुठं चुकते ते मोजून दाखव.

पेपर नाकारतील, तयारी ठेव. १९९१ मध्ये सॅन अँटोनियोच्या हायपरटेक्स्ट (लिंकांनी जोडलेला मजकूर) परिषदेनं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा वेबवरचा पेपर घेतला नव्हता, नुसतं प्रात्यक्षिक करू दिलं. पण १९९४ मध्ये जिनिव्हात, सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, पहिली वेब परिषद भरलीच.

पासपोर्ट आत्ताच काढ. विद्यार्थ्यांसाठी प्रवास-अनुदान आहे का तेही बघ. त्याची तारीख वेगळी असते. मसुदा घेऊन रविवारी घरी ये. येताना कुंदा आण.