मंडळाच्या तलवारी आणि तक्रारीची भाषा

वेंगुर्ल्याहून एका वाचकांनी कळवले आहे की, शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी त्यांनी 'कार्बन स्टील, शोभेची' अशी जाहिरात पाहून चार स्वस्त नकली तलवारी ऑनलाइन मागवल्या. आता पात्यांवर गंज आहे, मुठी हलतात, विक्रेता दाद देत नाही, आणि त्या घरात ठेवणे गुन्हा ठरेल का, ही धास्ती वेगळीच.

धास्ती अनाठायी नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या व्याख्येतून खेळण्यांपैकी फक्त तीच वगळली आहेत, ज्यांचा खेळण्याखेरीज उपयोग होत नाही किंवा ज्यांचे कामाच्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही. म्हणून धार लावता येईल अशा पोलादी पात्याला 'शोभेची' या शब्दाचा फारसा आधार मिळत नाही. याच कायद्याच्या कलम 4 ची अधिसूचना, म्हणजे अशा शस्त्रांनाही परवाना सक्तीचा करणारा सरकारी आदेश, लागू असलेल्या भागात विनापरवाना तलवार बाळगल्यास एक ते तीन वर्षे कैद होऊ शकते. थोडक्यात, तलवार जितकी अस्सल, तितकी आपली बाजू लंगडी. तेव्हा 'धार नीट लागत नाही' अशी तक्रार चुकूनही लिहू नका. तो आपल्याच सहीचा कबुलीजबाब होईल.

गंजाचा मुद्दाही सोडा. खाऱ्या हवेत तेल न लावलेले कार्बन स्टील गंजणारच, आणि विक्रेता त्यावरूनच माल अस्सल असल्याचे सांगेल. खरा दोष मुठीत आहे. पात्याचाच रुंद भाग मुठीत खोलवर जायला हवा. स्वस्त मालात तिथे बारीक सळई वेल्ड केलेली असते, आणि हात फिरवताना जोड तुटून पाते गर्दीत उडू शकते. मूठ सैल होऊन सळई दिसत असेल, तर त्या जोडाचे जवळून फोटो घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट व बिल जपून ठेवा.

आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निर्णय देणे नियमाने बंधनकारक आहे. तेवढ्याने भागले नाही, तर सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि एवढ्या लहान रकमेला शुल्क लागत नाही. मात्र त्याआधी स्थानिक वकिलांना कागद दाखवून पोलिसांना काय व कसे कळवायचे ते ठरवा.

तोवर त्या तलवारी बाहेर काढू नका, एसटीने कुठे नेऊ तर नकाच. सणावारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालील मनाई आदेश असतो, तेव्हा तलवार नुसती हाती धरणेही महागात पडते. मिरवणुकीसाठी सावंतवाडीच्या चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या बाजारात, लाकडी तलवारी करून मिळतात का, ते विचारा.